शपथ आधी, राजीनामा नंतर

हिकरीच्या धारेवर, म्हणजे आमच्या डोंगरकण्यावरच्या वस्तीत, माणूस काय बोलला याला महत्त्व होतेच, पण ते आर्डिथ पेनिक्ससमोर बोलला का, याला जास्त होते. जमीन विकायची असो, ट्रक पोराच्या नावावर करायचा असो, अंथरुणाला खिळलेल्या आईचा कारभार हातात घ्यायचा असो, माणूस कागदाची गुंडाळी काखेत मारून चौफुलीवरच्या पेंडीच्या दुकानात यायचा. दुकान हॅगूडचे. गल्ल्यावर आर्डिथ. तिच्या पाठीमागच्या फळीवर, कोंबड्यांच्या औषधांच्या बाटल्यांशेजारी, राज्याच्या नोटरीचा तो जड लोखंडी शिक्का असे. कागद चिमट्यात धरायचा, दांडी दाबायची, की कागदावर राज्याचे चिन्ह फोडासारखे उठायचे.

तिची एक रीत होती. राजधानीतले नोटरी म्हणे कागद खिडकीतून घेतात आणि खिडकीतून परत देतात, तोंड वर करून बघतही नाहीत. आर्डिथ गिऱ्हाइकाला गल्ल्यासमोर सरळ उभे करी.

“टोपी काढ.”

“अगं आर्डिथ, आपण एका बाकावर शिकलो.”

“म्हणूनच सांगते. टोपी काढ, हात वर कर, आणि मोठ्यानं बोल.”

“चर्चमध्ये पाद्रीसुद्धा एवढं करायला लावत नाही.”

“पाद्री देवाच्या नावानं करतो. त्याला चालतं. मला राज्याकडून सनद आहे.”

मग टोपी निघे. पन्नास पौंडांची पोती खांद्यावर घेऊन आलेली माणसेही पोते खाली ठेवून हात वर करत. मक्याच्या भुशाचा वास, पत्र्याच्या शेगडीवर करपत चाललेली कॉफी, आणि मधोमध एक माणूस हात वर करून सांगतोय की हा कागद माझा, ही सही माझी, आणि यात लिहिलेले खरे आहे. मी ते कितीदा पाहिले. त्या क्षणी ती जागा दुकान राहत नसे.

जो समोर उभा नाही त्याची सही ती मानत नसे. म्हणून जो येऊ शकत नसे त्याच्याकडे ती जाई. ओढा दुथडी भरून वाहत असताना ज्युएल टीगच्या सासूच्या खाटेपर्यंत ती शिक्का पिठाच्या डब्यात घालून गेली होती. म्हातारीला हात वर होईना. आर्डिथने तो मनगटाशी धरला आणि उरलेले म्हातारीने डोळ्यांनी केले. धारेवरच्या कुणाकडून तिने कधी फी घेतली नाही. फार तर ब्लॅकबेरीचा मुरंबा, नाहीतर वाटाण्याच्या शेंगांची बरणी.

या रीतीनेच तिचे मनगट मोडले.

डेन्व्हर कॉफल्ट हा नदीपलीकडचा खडीवाला. कोल्ड फोर्कच्या त्या बाजूचा अर्धा डोंगर त्याने फोडून विकला होता, आणि उरलेला विकायच्या बेतात होता. एका शरदात तो दुकानात आला, गल्ल्यावर एक खरेदीखत टाकले आणि म्हणाला, “मामीनं सही केलीय. तू दाब.”

“मामी कुठंय?”

“घरी. वय झालंय तिचं.”

“मग मी संध्याकाळी तिच्या घरी येते.”

“तिला त्रास कशाला? सही तिचीच आहे. तुला माझ्यावर विश्वास नाही?”

“तुझ्यावर असो नसो, डेन्व्हर. मला तुझी मामी बघायचीय.”

कॉफल्टने फळीवरचा शिक्का स्वतःच उचलला. आर्डिथने तो धरला. त्याने हिसका दिला, तिचा हात गल्ल्याच्या कडेवर आपटला, आणि कोरडी फांदी मोडावी तसा आवाज आला. तिने शिक्का सोडला नाही. कॉफल्ट खरेदीखत घेऊन निघून गेला. पुढे त्यावर दुसऱ्या एका काउंटीत, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात, शिक्कामोर्तब झाले. तिथे कुणी मामी पाहायला मागितली नाही.

आमच्या राज्यात सार्वजनिक अधिकाऱ्यावर काम करताना हात उगारला तर मोठा गुन्हा होतो, त्याला तुरुंग आहे. हात प्लास्टरमध्ये घेऊन आर्डिथ काउंटीच्या सरकारी वकिलाकडे गेली. तो कॉफल्टच्याच चर्चमधला. पण बोलला गोड.

“मिस आर्डिथ, तुम्ही अधिकारी नाही हो. नोटरीची सनद म्हणजे गाडीच्या लायसन्ससारखी. लायसन्स असलेला माणूस काही वाहतूक खात्याचा साहेब होत नाही.”

“सनदेवर गव्हर्नरची सही आहे.”

“मासे धरायच्या परवान्यावरही राज्याचा शिक्का असतो.”

झाले. दोन शेजाऱ्यांची बाचाबाची म्हणून प्रकरण मिटले. कॉफल्टने दंड भरला आणि जाताना हॅगूडकडून गाईंना चाटायला मिठाच्या विटा घेऊन गेला. त्या आर्डिथनेच डाव्या हाताने त्याच्या ट्रकजवळ ढकलत नेल्या, कारण ते तिचे काम होते. मनगट वाकडे जुळले. तेव्हापासून ती शिक्क्याची दांडी कोपराने दाबायची.

वर्षे गेली. मग पुलाचे निघाले.

धारेवरून गावात जायला कोल्ड फोर्कवर एकच पूल, लोखंडी, अरुंद, एका वेळी एकच गाडी जाईल असा. पलीकडे शाळा, दवाखाना, बँक, कोर्ट. पूल नसेल तर डोंगराला वळसा घालून वरच्या खिंडीतून जायचे, आणि हिवाळ्यात ती खिंड म्हणजे बर्फाची काच. काउंटीचा कारभार तीन जणांच्या मंडळाकडे. त्या मंडळाने ठरवत आणले की पूल जुना झाला, दुरुस्ती परवडत नाही, तो सोडून द्यावा आणि ते पैसे नदीपलीकडचा एक रस्ता पक्का करायला वापरावेत. तो रस्ता कॉफल्टच्या खाणीला जातो. आणि आमची धार व त्याची खाण मिळून जो भाग होतो, त्याची मंडळातली जागा कॉफल्टकडेच होती.

सगळ्यांत आधी घाबरली ज्युएल टीग. तिच्या नवऱ्याचे, अन्सेलचे, मूत्रपिंड गेलेले. आठवड्यातून तीनदा त्याचे रक्त धुवायला गावातल्या दवाखान्यात न्यावे लागे. ती दुकानात आली आणि गल्ल्यावर हात टेकून म्हणाली, “आर्डिथ, तू उभी राहा.”

“मला भाषण येत नाही.”

“भाषण नकोय. तुझ्यासमोर धारेवरचा प्रत्येक माणूस टोपी काढून उभा राहिलाय. मत द्यायला त्यांना काय होतंय?”

ती उभी राहिली. घरोघर गेली, पण भाषण केले नाही. पुलाबद्दल विचारी, कॉफी पिई, पुढच्या घरी जाई. नोव्हेंबरमध्ये ती निवडून आली. थोडक्यात आली, पण आली. त्या संध्याकाळी चर्चच्या तळघरात प्रत्येकाने आपापल्या घरचे आणले होते: साधे पांढरे बीन्स, कॉर्नब्रेड, डुकराचे मांस, आणि ज्युएलची पेकान-अक्रोडाची गोड पाई. अन्सेल खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होता. त्याला त्यातले काहीच खायची मुभा नव्हती.

टिल्फर्ड मॅब्री हा आमच्या बाजूचा वकील. अर्धा निवृत्त, अर्धा शेळ्या पाळणारा. त्याने पाईचा तुकडा संपवला आणि आर्डिथला बाजूला घेतले.

“राज्याच्या घटनेत एक कलम आहे. एका माणसानं एका वेळी दोन सार्वजनिक पदं धरायची नाहीत. पहिलं सोडल्याशिवाय दुसरं घेतलंस, तर ते घेणंच फुकट.”

“पण नोटरी म्हणजे पद नाही ना? त्यांनीच सांगितलं होतं मला.”

“सांगितलं होतं. तरीपण सनद परत कर. आधी ते, मग शपथ. कुंपणातली फट बुजवून ठेवलेली बरी.”

“करते,” ती म्हणाली.

आणि ती करणारच होती. नाताळानंतर तिने राजीनामा लिहिला, पाकिटात घातला. तेवढ्यात ज्युएल आली. अन्सेलच्या अपंगत्वाच्या पेन्शनचा कागद यायचा होता. या आठवड्यात येईल, नाही तर पुढच्या. आला की शिक्का लागेल. “तेवढं होईपर्यंत थांब ना. गावात नेऊन त्याला रांगेत उभं करायचं का मी?” आर्डिथने पाकीट पर्समध्ये टाकले. कागद शपथेच्या आधीच्या शनिवारी आला, कोर्ट बंद असताना. अन्सेलने बसूनच हात वर केला. राजीनामा कशामुळे थांबला हे ज्युएलला माहीत होते, मी दुकानात होतो म्हणून मला माहीत होते, आणखी कुणाला नाही.

जानेवारीचा पहिला सोमवार. आदल्या संध्याकाळपासून पडताच गोठणारा पाऊस पडत होता, आणि कोर्टाच्या पायऱ्या साखरेच्या पाकात बुडवल्यासारख्या चमकत होत्या. राजीनामा द्यायचा तो काउंटीच्या कारकुनाकडे, तोच तो राजधानीला पाठवतो. आर्डिथ पाकीट घेऊन वेळेआधी पोचली. कारकुनाचा पत्ता नव्हता. त्याचा ट्रक कुठल्याशा उतारावर घसरून खांबाला टेकला होता.

आमच्याकडे शपथेची पद्धत ठरलेली आहे. जुने सभासद आधी, नवा सर्वांत शेवटी, आणि शपथ झाल्याशिवाय कुणी कॉफीला हात लावत नाही. होबार्ट स्कॅग्ज हा मंडळाचा म्हातारा, पुन्हा निवडून आलेला. तो आणि दुसरा जुना सभासद ओव्हरकोट घालून उभे. कॉफी निवत होती. मागच्या बाकावर कॉफल्ट बसला होता, हरलेला, पण आलेला.

“कारकून कशाला हवाय?” स्कॅग्ज म्हणाला. “आपल्याकडे आर्डिथ आहे की. नोटरीला शपथ देता येते. दे गं आम्हाला, आणि मग केक कापू.”

सगळे हसले. आर्डिथही हसली. पर्समध्ये पाकीट होते, पण ते घ्यायला कुणी नव्हते. तिने दोघांना समोर उभे केले आणि शपथ दिली. स्कॅग्जला टोपी काढायला लावली तेव्हा पुन्हा हशा झाला.

इतक्यात कारकून धापा टाकत आला, बुटांना बर्फ, कपाळाला खोक. “राहिलं कोण? मिस आर्डिथ? चला, चला, हात वर करा.”

“माझा एक कागद आहे, आधी—”

“कागद कुठं पळतोय? माझी बोटं आखडलीत, पेन धरवत नाही. आधी शपथ, मग कागद. केक कोरडा पडतोय.”

दुसऱ्या कुणी तिच्यासमोर असे केले असते तर आर्डिथने त्याला दारापर्यंत परत पाठवले असते. पण तो माणूस रक्ताळलेल्या कपाळाने आला होता, सगळे तिच्यासाठी खोळंबले होते, आणि आमच्याकडे खोळंबलेल्या लोकांना आणखी खोळंबवणे हा उर्मटपणा समजतात. तिने वाकडे मनगट वर केले. शपथ घेतली. मग कारकुनाने शेगडीवर हात शेकले आणि तिच्याकडून पाकीट घेतले. मागच्या बाकावर कॉफल्ट हातावरचे घड्याळ बघत होता. मला वाटले, त्याला कंटाळा आलाय.

खटला त्याच महिन्यात दाखल झाला. म्हणणे सरळ होते: आर्डिथ पेनिक्सने शपथ घेतली तेव्हा ती नोटरी होती, नोटरी हा सार्वजनिक अधिकारी, म्हणून तिची शपथ रद्द आणि जागा रिकामी. म्हणणे मांडायला कॉफल्टने शहरातून वकील आणला. पण त्याच्याशेजारी, पहिल्या रांगेत, तोच सरकारी वकील बसला होता. आता तो सरकारी नव्हता, कॉफल्टच्या खाणीचे काम बघत होता.

धारेवरचे सगळे कोर्टात आले. बायका विणकाम घेऊन आल्या. अन्सेलचा त्या दिवशी दवाखान्याचा दिवस होता, म्हणून ज्युएल नव्हती.

टिल्फर्ड उभा राहिला. त्याच्या कोटाला शेळीचे केस चिकटले होते. “न्यायाधीशसाहेब, याच इमारतीत, याच बाईंना, हात मोडलेला असताना सांगण्यात आलं की नोटरी अधिकारी नसते. ज्यांनी सांगितलं ते समोर बसलेत. विचारा त्यांना.”

तो वकील आपल्या टायकडे बघत राहिला.

“ते कलम मारहाणीचं,” न्यायाधीश म्हणाले. “हे घटनेचं. एकाच शब्दाचा दोन ठिकाणी दोन कारणांसाठी दोन प्रकारे विचार करता येतो.”

“म्हणजे मार खाताना नाही, आणि जागा घेताना आहे?”

“मिस्टर मॅब्री, सांभाळून.”

मग न्यायाधीशांनी वाचून दाखवले. नोटरीला गव्हर्नर नेमतो. तिची मुदत ठरलेली असते. ती शपथ घेते, जामीन देते, राज्याचा शिक्का बाळगते, आणि तिच्या शब्दावर कोर्ट विश्वास ठेवते. यापेक्षा सार्वजनिक पद ते आणखी काय असते? वाचताना त्यांचा आवाज आदराचा होता. इतक्या वर्षांत आर्डिथच्या कामाबद्दल त्या इमारतीत इतके चांगले कुणी बोलले नव्हते, आणि ते ऐकताना तिची मान खाली जात होती.

टिल्फर्डने शेवटचा दगड टाकला. “मग त्या सकाळी स्कॅग्जना आणि दुसऱ्या सभासदांना शपथ हिनेच दिली. हिचं सगळं गोंधळात, तर त्यांची शपथ तरी खरी कशी?”

मागे कुणीतरी शीळ घातली. स्कॅग्ज बसल्या जागी ताठ झाला.

“त्यांची शपथ पूर्ण वैध आहे,” न्यायाधीश म्हणाले. “त्या वेळी मिस पेनिक्स रीतसर अधिकारी होत्या.”

कोर्टात हशा पिकला. आमच्या बायकाही हसल्या, हसू आवरेना म्हणून. मग हळूहळू एकेकीला कळत गेले आणि सुया थांबल्या. तिने दिलेली शपथ खरी. तिने घेतलेली खोटी. आणि दोन्ही एकाच कारणाने.

बाहेर पायऱ्यांवर टिल्फर्ड म्हणाला, “वरच्या कोर्टात जाऊ. तिथं वेगळं वाचतील कदाचित.”

“कधी?”

“पुढच्या हिवाळ्यापर्यंत लागेल नंबर.”

“तोवर पूल राहील?”

टिल्फर्ड कोटावरचे केस वेचत राहिला.

“हात मोडला तेव्हा मी कोणीच नव्हते,” आर्डिथ म्हणाली. “आता एकीच्या दोघी झाले. मी घरी जाते, टिल्फर्ड. गायींना चारा टाकायचाय.”

रिकामी जागा भरायचा अधिकार उरलेल्या दोघांचा. त्यांनी कॉफल्टला नेमले. या वेळी कारकून वेळेवर आला. पहिल्याच बैठकीत पूल सोडून द्यायचे ठरले, तिघांच्या तीन हातांनी. एप्रिलमध्ये क्रेन आली आणि पुलाचे लोखंड तुकड्यातुकड्यांनी उचलून नेले. धारेवरचे लोक काठावर उभे राहून बघत होते. आर्डिथ आली नाही. दुकान उघडे होते.

पण त्या पाकिटाने आपले काम चोख केले होते. कारकुनाने ते त्याच दिवशी पाठवले होते, आणि राजधानीतून उत्तर आले की आपली सनद परत मिळाली, इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल आभारी आहोत. मंडळातली जागा गेली आणि सनदही गेली. पुन्हा अर्ज करता आला असता. टिल्फर्डने अर्ज आणूनही दिला. तिने तो शेगडी पेटवायला वापरला. लोखंडी शिक्का हॅगूडने दारात अडसर म्हणून ठेवला, आणि नोटरीचे प्रत्येक काम आता नदीपलीकडे गेले.

पहिले काही आठवडे लोक हळहळले. मग त्यांना खिंडीतून जावे लागले, पेट्रोल जळले, एकाची गाडी घसरली, शाळेची बस बंद झाली, आणि हळहळ आंबली. कॉफल्टला शिव्या घालून कंटाळा येतो. त्याला ऐकूही जात नाहीत. आर्डिथ जवळ होती.

“एवढी कायद्याची पक्की, आणि स्वतःच्या वेळी घाई.”

“मोठेपणा मिरवायचा होता. दोघांना शपथ द्यायची हौस.”

“आम्हाला टोप्या काढायला लावायची.”

हे ती गल्ल्यावर असतानाच, पोत्यांच्या मागे, तिला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात बोलले जाई. ती पोत्यांचे आकडे लिहीत राही.

एका दुपारी मी खिळे घ्यायला गेलो होतो तेव्हा ज्युएल आली. वाळलेली, डोळ्यांखाली काळे. अन्सेल बाहेर गाडीत खिडकीला डोके टेकून बसला होता. तिने गल्ल्यावर कागद ठेवला. दवाखान्याला जायच्या पेट्रोलसाठी राज्याकडून मदत मिळत होती, त्याचे प्रतिज्ञापत्र.

“शिक्का मार.”

“माझ्याकडे सनद नाही, ज्युएल.”

“माहितीय. जुनाच दाब. कोण बघतंय?”

“मी बघतेय.”

“तू!” ज्युएलचा आवाज फाटला. “तू तेव्हा बघायला हवं होतंस. एक कागद वेळेवर द्यायचा, एवढंच होतं तुझं काम. एवढंच! आठवड्यातून तीनदा मी त्याला त्या खिंडीतून नेते. वाटेत ओकतो तो. तुला मत मागायला मीच सांगितलं होतं, ते माझं चुकलं.”

आर्डिथने कागद नीट केला, घडी पाडली आणि परत दिला. “गावात बँकेतली मुलगी करून देईल. दोघं समोर उभे राहा म्हणजे झालं.”

“त्याला उभं राहता येतं का?”

“मग तिला गाडीपाशी बोलाव. म्हणावं, आर्डिथ पेनिक्सनं सांगितलंय.”

“तुझं नाव सांगू?” ज्युएल हसली. ते हसणे मला अजून ऐकू येते. मग ती गेली. गाडी चौफुलीवर थांबली, जिकडे पूल होता तिकडे क्षणभर सवयीने वळली, आणि मग उलट फिरून खिंडीच्या रस्त्याला लागली.

मी खिळे गल्ल्यावर ठेवले. “तिला आठवण करून द्यायची होतीस. तो कागद कुणासाठी थांबला होता ते.”

आर्डिथ खिळे तागडीत घालत होती. काटा स्थिर होईपर्यंत तिने वर पाहिले नाही.

“उजेड आहे तोवर तिला पोचू दे,” ती म्हणाली. “तो रस्ता वाईट आहे.”